ज्येष्ठांसाठी देशाने एकच काम करायचं, तर कोणतं?

उंबरठा (धागाकर्ता)
१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की ज्येष्ठांच्या वाट्याला शाल, नारळ आणि बीपी तपासणीचं शिबिर येतं. २ तारखेपासून ज्याचं त्याने बघावं.

योजना नाहीत असं नाही. श्रावणबाळची पेन्शन आहे, वयोश्रीची साधनांसाठीची मदत आहे, सत्तरीनंतर उपचारांचं वय वंदना कार्ड आहे, ७५ नंतर एसटी फुकट आहे. २०२२ साली देशात साठीपुढची माणसं १४.९ कोटी, म्हणजे १०.५ टक्के होती. २०५० पर्यंत ती ३४.७ कोटी होतील असा अंदाज आहे. समजा सरकारच्या हातात एकाच नव्या कामाचे पैसे आहेत. मग पेन्शन वाढवायची, दवाखान्यावर खर्च करायचा, की घरी येऊन हात देणारं माणूस नेमायचं?

माझं मत तिसऱ्याला. पण आधी आहे ते कुठे अडतं, हे माहीतगारांनी लिहावं. 'आमच्या वेळी असं नव्हतं' आणि 'मुलं अमेरिकेत गेली' ही दोन वाक्यं धाग्यावर बंद.

कडक_चहा
ही दोन्ही बंद केलीत, मग धागा शंभरी कसा गाठणार?

सातबारा
श्रावणबाळपासून सुरुवात करतो. वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. तलाठ्याची चौकशी होते आणि मंजुरी समितीच्या बैठकीत मिळते. रक्कम २०२३ पासून महिना १,५०० आहे.

आता अडतं कुठे ते.

एक, उत्पन्नाचा दाखला. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. आठवड्यात दोन दिवस मजुरीला जाणारी बाईही प्रामाणिक दाखल्यात बसत नाही. म्हणून दाखला 'बसवून' घेतला जातो, आणि पुढे कुणी तक्रार केली की तिचीच पेन्शन बंद होते. पेन्शनचेच वर्षाला १८,००० होतात, यावरून अट किती जुनी झाली ते बघा.

दोन, वय. आधारवर जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते, शाळेचा दाखला नसतो आणि मतदार यादीत वय तिसरंच.

तीन, आणि आताशा सगळ्यात जास्त, बँक खातं. पैसे थेट लाभ हस्तांतरणाने येतात. ते अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला 'सीड' झालं असेल, म्हणजे सरकारी पैशांसाठी जोडलं गेलं असेल, तिथे जातात. आजींनी मधे कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्या बँकेत जनधन खातं काढलं असेल, तर पैसे तिथे साठत राहतात आणि इकडे आजी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. तक्रार करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' बघा. ओटीपी लागतो, म्हणून मोबाइल जोडलेला हवा. खातं बदलायचं तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरायचा. नुसती 'केवायसी' केली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. हा फरक काउंटरवरचा माणूससुद्धा कधी कधी विसरतो.

आकडेमोड
सातबारा, उत्तम. त्यात केंद्राचा वाटा किती ते लिहा की. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्र ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये देतं आणि ८० नंतर ५००. ते २०० हे २००७ पासून २००च आहेत. बाकीचं राज्य भरतं. राज्यागणिक लाभार्थ्यांचा कोटाही २००१ च्या जनगणनेवर बांधलेला, म्हणजे तेव्हा पन्नाशीही न गाठलेले आज लाभार्थी वयाचे झाले तरी कोटा तेवढाच. वृद्ध, विधवा, अपंग धरून या सगळ्या केंद्रीय साहाय्य योजनांची वार्षिक तरतूद साडेनऊ हजार कोटींच्या आसपास आहे.

उंबरठा यांच्या प्रश्नाला उत्तर: माझं मत पेन्शनला. १५ कोटींपैकी १० कोटींना महिना १,००० द्यायचे तर १ लाख २० हजार कोटी लागतील. आकडा मोठा आहे, पण अशक्य नाही. उत्पन्नाचा दाखलाच काढून टाका, फक्त आयकर भरणारे आणि सरकारी पेन्शनवाले वगळा. गरीब कोण ते शोधण्यापेक्षा गरीब नाही कोण ते शोधणं सोपं असतं.

जुनं_खोड
सरकारनेच सगळं करायचं तर मुलांनी काय करायचं? २००७ चा कायदा आहे की. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्याला तुरुंग आहे.

कलमबहाद्दर
जुनं_खोड काका, कायदा आहे, पण तुम्ही म्हणता तितका दणकट नाही. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे, साध्या कागदावर. वकील लागत नाही. स्वतः जमत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३० दिवस. अपील ६० दिवसांत. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,०००. ती काढायचं विधेयक २०१९ मध्ये आलं होतं, मंजूर झालं नाही. रक्कम थकवली तर वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरी मेख कलम २३ मध्ये आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा नातवाला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. इतकं स्वस्त म्हटल्यावर लोक साठीतच घर नावावर करून मोकळे होतात. पुढे सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं, पण 'सांभाळ करीन' या अटीवर दिलं असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की ही अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा म्हटलं आणि घराचा ताबाही परत देववला. पण त्या प्रकरणात सांभाळाचं वेगळं वचनपत्र लिहून घेतलेलं होतं, हे बातम्या वाचणारे विसरतात.

म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यातच लिहा: अन्न, औषधोपचार, राहण्याची खोली, आणि दात्याचा तहहयात राहण्याचा हक्क. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही आणि मन बदललं तर नवं करता येतं. जिवंतपणी घर देऊन मग प्रेमाची वाट बघणं हा उलटा क्रम आहे.

कडक_चहा
शेवटचं वाक्य फ्रेम करून सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत लावा.

फिजिओबाई
कायदा, पेन्शन ठीक. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं ते पुष्कळदा न्हाणीघरात पडल्यामुळे. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं गणित बदलतं. हे पडणं टाळणं, देशाला करण्याजोगं सगळ्यात स्वस्त काम हेच.

आशाताईलाही करता येईल अशी चाचणी: हात असलेली खुर्ची, समोर ३ मीटरवर खूण. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. दुसरं, आडवं असताना बीपी घ्या, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर गोळ्या डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या एकत्र चालू असणं हे नेहमीचं कारण. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहायचं, याला पैसाही लागत नाही.

घरात: आधाराचा दांडा ३२ ते ३८ मिमी जाडीचा, भिंतीपासून बोटं मावतील इतका सुटा. स्क्रू टाइलच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. नुसत्या टाइलला धरलेला दांडा माणसाचं वजन पडलं की टाइलसकट हातात येतो. टॉवेल अडकवायची नळी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, हे सोसायटीच्या प्लंबरला दोनदा सांगा. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंमी. देशी शौचकूप असेल तर वर कमोड खुर्ची, पण तिच्या चारही पायांचे रबर बूट दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. झिजले की ओल्या फरशीवर खुर्चीच घसरते.

काठी: सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दहातले निम्मे लोक उलटी धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

सातबारा
मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ वरच्यांना एकदाच ३,००० मिळतात, उत्पन्न २ लाखांच्या आत. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, श्रवणयंत्र यांपैकी काहीही. फिजिओबाई, काय घ्यावं?

फिजिओबाई
चष्म्याचा नंबर जुना असेल तर आधी चष्मा. मग कमोड खुर्ची आणि काठी. पट्टे नकोत. लोक दिवसभर बांधून ठेवतात आणि स्नायू आणखी ढिले पडतात. ३,००० त कानाचं चांगलं यंत्र येत नाही. जे येतं ते नुसता आवाज मोठा करतं, मग आजोबा ते डबीत ठेवून देतात.

ओसाकाकर
उंबरठा, तुमचा तिसरा पर्याय जपानने २००० साली कायदाच करून आणला, त्याबद्दल लिहितो.

वयाची चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. म्हातारं माणूस अडायला लागलं की नगरपालिकेकडे अर्ज. कर्मचारी घरी येऊन ७४ मुद्द्यांची पाहणी करतो: कूस बदलता येते का, बटण लावता येतं का, आजची तारीख सांगता येते का. डॉक्टरांचं मत वेगळं घेतात. संगणक आधी अंदाज काढतो, मग समिती सात पायऱ्यांपैकी एक पायरी ठरवते. हे सगळं नियमाने ३० दिवसांत. पुढे एक केअर मॅनेजर आठवड्याचं वेळापत्रक बांधतो: दोन दिवस दिवसभराचं केंद्र, गाडी घरून नेते आणि आणून सोडते, एक दिवस घरी अंघोळ घालायला माणूस. खर्चाचा १० टक्के भाग स्वतःचा, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०. रोख पैसे देत नाहीत, सेवाच मिळते. फिजिओबाई म्हणतात ते दांडे, उंबरे काढणं, सरकतं दार, यासाठी २ लाख येनपर्यंतच्या कामाला वेगळी मदत.

आता उणी बाजू. ६५ वरच्यांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, २०२४ पासून ६,२२५ आहे. काम करायला माणसं मिळत नाहीत. आणि एवढं करूनही आई-वडिलांच्या सेवेसाठी नोकरी सोडणारे वर्षाला लाखाच्या घरात आहेत.

र्‍हाइनकाठ
जर्मनीने १९९५ पासून उलटं केलं, रोखसुद्धा दिली. घरचंच माणूस सांभाळत असेल तर २०२५ पासून गरजेच्या दुसऱ्या श्रेणीला महिना ३४७ युरो, पाचव्या म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला ९९०. ठरावीक तासांच्या वर सेवा करणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या पेन्शन खात्यातही विमा भर घालतो. शिवाय मूल नसलेल्यांकडून हप्ता थोडा जास्त घेतात.

कडक_चहा
सुनेच्या सेवेची पेन्शन! ही पोस्ट कौटुंबिक ग्रुपवर टाकून फोन बंद करून बसतो.

आकडेमोड
जपान-जर्मनी पगारातून हप्ता कापू शकतात, कारण तिथे बहुतेक लोक पगारावर आहेत. इथे शेतमजूर आणि रिक्षावाल्याचा हप्ता कोण कापणार? ईपीएस-९५ सारखी संघटित क्षेत्रातल्या पीएफधारकांची पेन्शन योजनासुद्धा २०१४ पासून किमान १,००० रुपयांवर अडली आहे. विमा हे उत्तर नाही, करातूनच करावं लागेल.

मलबार_मेल
मग केरळ बघा. विम्याशिवाय, ग्रामपंचायतीतून. १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाचं छोटं केंद्र सुरू झालं, पुढे मलप्पुरममध्ये शेजारपाजाऱ्यांनी महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढून ते गावोगाव नेलं, आणि २००८ मध्ये राज्याने उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेचं, धोरणच काढलं. आता पंचायतीच्या पैशातून परिचारिका गाडीने घरोघरी जाते. सोबत आशा आणि गावातले स्वयंसेवक.

ती काय करते? लघवीची नळी बदलते. साधी लेटेक्सची नळी तीन-चार आठवड्यांवर ठेवू नये. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला आणि जमिनीला न टेकता, हे घरच्यांना दर वेळी दाखवते. शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, तपासते: माकडहाड, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही आणि मधे भोक असलेली रबरी चकती वापरायची नाही, तिने कडेच्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. हे चार नियम पाळले जात नाहीत म्हणून जखम हाडापर्यंत जाते आणि मग मोठा दवाखाना लागतो.

जुनं_खोड
सत्तरीवर पाच लाखांचं कार्ड आहे ना आता? मग मोठा दवाखाना तर फुकटच.

खिडकी_क्र_४
काका, वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधारप्रमाणे वय ७०, उत्पन्नाची अट नाही. पण पाच लाख कुटुंबाला आहेत. घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. केंद्रीय कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते, खासगी विमा असेल तर दोन्ही चालतात. आणि मुख्य म्हणजे भरती झालं तरच. महिन्याच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी, घरी येणारी परिचारिका, यातलं काही नाही. मलबार_मेल सांगतात ती जखम बरी करायला पाच लाख आहेत, ती होऊ न द्यायला शून्य.

आलोच आहे तर पेन्शन चालू राहायला दर वर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याबद्दलही. नोव्हेंबरात दर वर्षी तोच गोंधळ. बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून होतं. फोनवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही अॅप लागतात. आधी फोन हाताळणाऱ्याची ओळख, मग पेन्शनधारकाची. उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ नको, चष्मा काढायचा आणि सांगितल्यावर डोळे मिचकावायचे. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक किंवा पेन्शन देणारी संस्था चुकीची निवडली तरी प्रमाणपत्र तयार होतं, पण पुढे बँक नाकारते. म्हणून 'प्रमाण आयडी आला' म्हणजे काम झालं नव्हे, स्वीकारल्याचा संदेश बघा. स्वतःची आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची अशा दोन पेन्शन असतील तर दाखले दोन. ८० वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो.

कडक_चहा
म्हणजे सरकारला पटवायचं असतं की माणूस जिवंत आहे, तेही डोळे मिचकावून.
अवांतर: रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. तिच्या हयातीचा दाखला कुणी काढलाय का?

उंबरठा
:) कडक_चहा, रेल्वेचा वेगळा धागा काढा.

आकडेमोड यांचं पटतं की विमा इथे चालणार नाही. पण केरळचं ऐकून तिसरा पर्याय जास्तच पटला. कुणी हिशोब मांडेल का? हजार वस्तीच्या गावाला काय लागेल?

आकडेमोड
मांडतो. १०.५ टक्के धरले तर हजारात साठीपुढचे साधारण १०५. महाराष्ट्रातल्या खेड्यात तरुण बाहेर गेलेले असतात, प्रमाण याहून जास्तच निघेल. त्यातले, समजा, १० जण घराबाहेर पडू न शकणारे. प्रत्येकाकडे आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाऊण तास. झाले १५ तास. उरलेल्या ९५ जणांची फिजिओबाईंची चाचणी वर्षातून दोनदा, २० मिनिटं धरली तर वर्षाला ६३ तास, म्हणजे आठवड्याला सव्वा तास. अशा दोन गावांना एक पूर्णवेळ प्रशिक्षित माणूस पुरतो, जाण्यायेण्याचा वेळ धरून. ठीक, मत बदलतो. पेन्शन आधी, पण लगेच मागोमाग हे.

सातबारा
ते माणूस म्हणून आशाताईंना पुढे करू नका. गरोदर बायका, लसीकरण, क्षय, सर्वेक्षण, सगळं त्यांच्याच डोक्यावर आहे, तेही बव्हंशी कामागणिक मोबदल्यावर. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक केंद्रावर आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा दवाखाना आणि जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष धरलेला आहे. कागदावर चांगलं आहे. पण जो केंद्रापर्यंत चालत येऊ शकतो तो तसा बराच म्हणायचा.

मलबार_मेल
जागा तरी आहे: अंगणवाडी. तमिळनाडूत वृद्धापकाळ पेन्शनवाल्यांना पोषण आहार केंद्रावर दुपारचं जेवण देण्याची पद्धत जुनी आहे. चूल पेटलेलीच असते, वीस ताटं वाढवायची. जेवायला रोज येणारी आजी दोन दिवस आली नाही, की कुणीतरी घरी जाऊन बघतं. वेगळं सर्वेक्षण लागत नाही.

र्‍हाइनकाठ
आणि माणसं शिकवून तयार केली की ती इथेच राहतील याची तजवीज करा. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. म्हाताऱ्यांना सांभाळणारे हात इथेही हवेत आणि तिथेही, पगार मात्र तिथे.

जुनं_खोड
सगळं वाचलं. तुरुंगाचं मी मागे घेतो. फक्त एक सांगा, काठीच्या टोकाचं रबर झिजलंय, नवं कुठल्या मापाचं घ्यायचं? दुकानदार म्हणतो सगळी सारखीच.

फिजिओबाई
सारखी नसतात, काका. काठीच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा, नाहीतर जुनं रबर काढून काठीच दुकानात न्या. १९ आणि २२ मिमी नेहमी मिळतात. हाताने दाबून घट्ट बसलं पाहिजे. सैल वाटलं तर आत कागद कोंबू नका, मापाचंच घ्या. तळाला खाचा असलेलं बघा, मधे धातूची चकती असलेलं घ्या, नाहीतर नळी रबर फाडून बाहेर येते. आणि काठी कुठल्या हातात धरता तेही सांगा.

जुनं_खोड
उजव्या. दुखतो तोही उजवाच गुडघा.

फिजिओबाई
डाव्या हातात घ्या. आत्ताच.